हात लावू नका

आचरा,
४ नोव्हेंबर

इशिता,

तू माझा नंबर ब्लॉक केलास, तुझ्या भावाचा केलास, शेजारच्या अपेक्षाच्या फोनवरून लावला तर तोही केलास. पोस्टमनला ब्लॉक करता येत नाही म्हणून हे पत्र. तुझ्या पणजीतल्या दवाखान्याचा पत्ता मी जाहिरातीतून उतरवून घेतला. ‘नितळ त्वचा, नवा आत्मविश्वास.’ वाचून मला हसू आलं. तुझ्या आईच्या नडगीवर सध्या जे आहे त्याचा फोटो त्या पाटीखाली लावलास, तर तुझ्याकडे येणाऱ्या लग्नाळू मुली दवाखान्याची पायरी चढायच्या नाहीत.

मी तुला गोड बोलून बोलवायला लिहीत नाही. तू शेल्डनशी लग्न केलंस त्या दिवशी तुझ्या आईने तुझ्या नावाने आंघोळ केली, डोक्यावरून, लुगड्यासकट, आणि पाणी मला, सुनेला, काढायला लावलं. त्या दिवशी मला तिची किळस आली होती. आज येते ती वेगळी. ती नाकातून येते आणि जेवणावर बसते.

श्रावण संपता संपता अंगणातली झावळी ओढताना तिच्या नडगीला टोक लागलं. खरचटलं नुसतं. दोन दिवसांनी तिथे पुळी आली. तुझी आई म्हणजे भांड्याला मुंगी लागली तरी भांडं तीनदा घासणारी. तिने दत्ताराम कंपाउंडरला बोलावलं. तो म्हणाला, "पू काढल्याशिवाय भरूचीच नाय," आणि दोन अंगठ्यांनी पिळली. आठवड्यात तिथे रुपयाएवढा खड्डा. मग मालवणच्या एका डॉक्टरने सफाई केली. खड्डा बशीएवढा. पुन्हा सफाई, पुन्हा मोठा. साखर तपासली, नाही. पू तपासला, काही जंतू निघाले, त्यांच्यावर औषधं दिली. जंतू मेले असतील, जखम जिवंत आहे.

मधल्या वेळेत रोजची सफाई माझ्याकडे. तुझी आई ओरडते, पण आणखी घास म्हणते. फेस येणारं औषध ओतायचं, गॉजने घासायचं, सुटी कातडी चिमट्याने ओढायची. कडा पिकल्या जांभळासारख्या आहेत, आणि कडेखाली पोकळ. चिमटा आत जातो. जितका पुढे सरकवावा तितका जातो. मी हे तुला मुद्दाम लिहिते आहे, जेवायच्या आधी वाचलंस तर बरं.

तू कातडीची डॉक्टर आहेस. एवढंच सांग, हे काय आहे?

सुनीती


आचरा,
२७ नोव्हेंबर

इशिता,

उत्तर नाही. ठीक. आईचीच लेक तू.

काल आम्ही तिला एका मोठ्या सर्जनकडे नेलं. त्याचं नाव लिहीत नाही, माणूस वाईट नव्हता. पट्टी सोडली आणि त्याची नर्स खिडकीशी जाऊन उभी राहिली. नर्स! सर्जनने फार वेळ घेतला नाही. "हे गँगरीन पसरतंय. गुडघ्याखालून काढावा लागेल. उशीर केलात तर गुडघ्यावरून." अगदी शुद्ध मराठीत, हळू आवाजात. ऑफिसात बिल नामंजूर करतात ना, तसं.

तुझा भाऊ विश्वेश ओरोसच्या ऑफिसात दिवसभर लोकांच्या अर्जांवर शेरे मारतो, पण आईपुढे त्याला शेरा सुचत नाही. "डॉक्टर सांगतत ता आयकूक होया," म्हणाला आणि पाणी प्यायला बाहेर गेला. आणि तुझी आई काय म्हणाली ते ऐक. रडली नाही, देवाचं नाव घेतलं नाही. म्हणाली, "कापून टाकूंदे ती घाण. माका नको तो पाय." जणू कुणी उष्टं पान उचलून न्यायचं राहिलं होतं!

मग सर्जनने माझ्याकडे बघितलं. घरात सेवा कोण करतं ते या लोकांना बरोबर कळतं. मी मान डोलावली, इशिता. होय, मी. मला वाटलं, जाऊ दे एकदा. पाय गेला तर वास जाईल. मला पुन्हा कढीला चव लागेल. मी वैभववाडीला माहेरी जाईन आणि चार दिवस कुणाच्या अंगाला हात लावणार नाही. बाहेर आल्यावर माझी मलाच शिसारी आली, पण मान तर डोलावून झाली होती.

तारीख दोन जानेवारी. आधीची मिळत होती, पण तुझ्या आईने सांगितलं, "गावपळण होऊं दी. मगे काय ता कापा." देवाने कौल दिला आहे, डिसेंबरात तीन दिवस सगळा गाव वेशीबाहेर पळायचा आहे. तीन पायांच्या खुर्चीसारखी का होईना, पण दोन पायांवर वेशीबाहेर जायचं असं तिच्या मनात आहे.

रात्री ती कण्हते. जखमेच्या मानाने दुखणं फार जास्त आहे असं तो सर्जनही म्हणाला. साधं पांघरूण घासलं तरी किंचाळते. तुला हे कशाला सांगते कुणास ठाऊक.

सुनीती


आचरा,
२३ डिसेंबर

इशिता,

काल गाव परत भरला. आम्ही घरात आलो. सकाळची चूल पेटवायच्या आधी हे लिहायला बसले आहे, कारण उद्यापर्यंत थांबले तर माझी हिंमत जाईल.

गावपळण तुला सांगायला नको, लहानपणी तू तिथेच फुगडीत दात पाडून घेतला होतास म्हणे. या वेळीही तसंच सगळं. नगारा वाजला आणि गाव रिकामा. गुरं, कोंबड्या, कुत्री, मांजराची पिल्लं टोपलीत, आणि वेशीपलीकडच्या माळावर माडाच्या झापांच्या राहुट्या. लोक कोलंबी भाजत होते, भजनं म्हणत होते, पत्ते खेळत होते. ख्रिस्तीवाड्यातल्या कार्मेलिनाकडून वडे आले, तिच्याही घराला कुलूप. फक्त आमच्या राहुटीला शेजार नव्हता. पहिल्या संध्याकाळी बाजूच्या राहुटीतला परशुराम आला, डोकं खाजवत म्हणाला, "वयनी, राग मानूं नको, पन वारो आमच्याकडेच येता." आणि आपली राहुटी उचलून पलीकडे नेली. तुझ्या आईने ऐकलं. आयुष्यभर तिने दुसऱ्यांच्या चुली, दुसऱ्यांचे हात, दुसऱ्यांच्या जाती हुंगल्या. मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

तर पहिली गोष्ट. पट्टीची पेटी घरात राहिली. फेसाचं औषध, चिमटा, गॉज, सगळं खिडकीत. मीच विसरले. विश्वेश म्हणाला, मोटरसायकलने जाऊन आणतो, कोण बघतंय. तुझी आई उठून बसली. "देवाची वेस आसा ती. पेटयेसाठी कोणी आत पाऊल टाकूचा नाय." झालं. तीन दिवस तीच पट्टी. वरून एक स्वच्छ धोतर गुंडाळलं, बस्स. मी म्हटलं, आता सडते पूर्ण, आत किडे होणार.

दुसऱ्या रात्री ती झोपली. कण्हली नाही. काल घरी येऊन पट्टी सोडली तेव्हा मी नाकाला पदर लावूनच बसले होते. वास होताच. पण जखम वाढली नव्हती. मी रोज बघणारी आहे, मला फसवता येत नाही. रोज ती तिळाएवढी तरी सरकते. तीन दिवसांत तसूभर नाही. जांभळी कडाही थोडी उतरली आहे. आम्ही हात लावला नाही, तर ती थांबली. मग आम्ही इतके महिने काय करत होतो? मी काय करत होते?

दुसरी गोष्ट सांगायची नाही अशी तिने मला रामेश्वराची आण घातली आहे. मी सांगते. देव माझ्यावर रागावला तर मी त्याच्याशी भांडेन.

माळावर संडास नाही हे तुला माहीत आहे. बाकीचे झुडपांआड जातात, हिला चालवत नाही. घरी ती दार लावून जाते, स्वतः धुते, बादलीभर पाणी ओतते, कुणाला काही कळत नाही. राहुटीत मला घमेलं धरावं लागलं. कळ आली, आणि घमेल्यात पडलं ते रक्त होतं, इशिता. रक्त आणि शेंबडासारखा बुळबुळीत आव. दिवसातून पाच-सहा वेळा. मी विचारलं, कधीपासून? बोलेना. मी घमेलं तिच्या तोंडासमोर धरलं. हो, धरलं. एवढी माझी मजल गेली. तेव्हा म्हणाली, "दोन वर्सां झाली. कोणाक सांगलंस तर बघ."

दोन वर्षं! पायाचं भोक सगळ्या गावाला दाखवते आणि पोटाचं एका डॉक्टरला सांगत नाही. घाण म्हणे. अगं, मग बाकी काय अत्तर आहे?

मी अडाणी नाही, पण डॉक्टरही नाही. मला एवढंच वाटतं की डिवचल्यावर जखमेला येणारा हा चेव आणि पोटातलं रक्त, यांचं एकमेकांशी काहीतरी नातं असेल. नसलं तर तू हस. पण दोन जानेवारीला पाय जाणार आहे, आणि गेलेला पाय परत आणता येत नाही. हे पत्र कुरियरने पाठवते आहे.

सुनीती


आचरा,
४ जानेवारी

इशिता,

तुझा कागद एकतीसला संध्याकाळी मिळाला. त्यात ‘प्रिय’ नाही, ‘वहिनी’ नाही, कशी आहेस नाही. ‘कुणीही हात लावू नका. कापू देऊ नका, सफाईसुद्धा नाही. घासणं बंद. फक्त सलाइनने भिजवून हलकी पट्टी, चिकटपट्टी कातडीला लावू नका. रविवारी येते.’ खाली तुझी सही, डॉक्टरकीच्या शिक्क्यासकट. मी तो कागद विश्वेशला वाचून दाखवला. तो म्हणाला, "सर्जन मोठो माणूस आसा. ही चेहऱ्याक क्रीम लावता." मी म्हटलं, चेहरा म्हणजे काय कातडी नव्हे?

दोन तारखेचं ऐक. सकाळी गाडी दारात. तुझी आई नवं लुगडं नेसून, पिशवी मांडीवर घेऊन खाटेवर तयार. मी सांगितलं, जायचं नाही. का? इशिताने सांगितलंय. "कोण इशिता? माका धूव नाय." मुलगीच नाही म्हणे! मग तिच्या लक्षात आलं की तुला रक्ताचंही कळलं असणार. मला जे बोलली ते कागदावर उतरत नाही. शिरा पडो तुझ्या तोंडार, हे त्यातलं सर्वांत सोवळं. म्हणाली, पाय माझा, घाण माझी, मी कापीन नाहीतर पुरीन.

तिला माझ्या खांद्याशिवाय चालता येत नाही. विश्वेशला ती अंगाला हात लावू देत नाही, मुलगा आहे म्हणून लाजते. गाडीपर्यंत जायचं म्हणजे माझा खांदा हवा. मी खांदा दिला नाही. दारात उभी राहिले, हात कमरेवर. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. ती खाटेवरून खाली उतरली, एक पाऊल टाकलं, आणि जमिनीवर बसली. मी तरी गेले नाही. विश्वेश मला म्हणाला, "सुनीती, तू माणूस आसस काय कोण?" मी म्हटलं, ते मला विचारू नका, गेले चार महिने मी चिमटा होते.

गाडी परत गेली. सर्जनचा फोन आला, तुमच्या जबाबदारीवर. मी म्हटलं, माझ्याच. फोन ठेवला आणि तुझा कागद पुन्हा वाचला.

तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. पट्टी बांधते तेव्हा भिंतीकडे बघते. मी घासत नाही. न घासणं हे घासण्यापेक्षा अवघड आहे. ती मेलेली कातडी समोर लोंबत असते आणि हात शिवशिवतात. तू चुकली असलीस, तर तिचा पाय गुडघ्यावरून जाईल आणि त्याला मी कारण असेन. हे तुला ठाऊक असावं म्हणून लिहिलं. पत्र पोचायच्या आधी तू पोचशील, तरी लिहिलं.

सुनीती


आचरा,
१८ जून

इशिता,

आता फोन उघडलायस तर पत्र कशाला, असं विचारशील. घरात फोनला रेंज फक्त खाटेजवळ मिळते, आणि तुझ्या आईचे कान तिच्या पायापेक्षा कधीच चांगले आहेत.

परवा पायाचा फोटो तुला पाठवला तो बघितलास. चुरगळलेल्या कागदासारखी पातळ कातडी आली आहे, कडेकडेने भोकाभोकांची. कुरूप आहे, पण बंद आहे. काल ती एकटी परसदारापर्यंत गेली आणि कोंबडीला शिव्या घालून आली. स्टिरॉइडच्या गोळ्या तू सांगितल्यास तशा उतरवत आणल्या आहेत. तोंड भोपळ्यासारखं सुजलं होतं ते ओसरतंय. पोटाच्या गोळ्याही चालू आहेत. गोव्याच्या हॉस्पिटलात दुर्बीण घालायची म्हटल्यावर तिने दोन दिवस अन्न सोडलं होतं. मोठ्या आतड्याला व्रण निघाले तेव्हा तिथली डॉक्टर तुला म्हणाली, बरं झालं सांगितलंत. मी मागेच उभी होते. पण असू दे.

तू मला आजाराचं नाव सांगितलंस, पायोडर्मा गँग्रेनोसम. गँगरीन नाही, जंतूही नाहीत, शरीर आपणच आपली कातडी खातं, आणि डिवचलं की जास्त खातं. पोटाच्या दुखण्याबरोबर येऊ शकतं. मग नावात गँगरीन कुणी घातलं? त्याला आमच्या घरी चार महिने राहायला पाठव. आणि तूही नुसतं बघून सांगितलं नाहीस, हे मी विश्वेशला अजून ऐकवते. कडेचा कण काढून तपासलास, क्षय नाही, शिरांचा आजार नाही, कॅन्सर नाही, हे सगळं बाजूला काढलंस आणि मग गोळ्या दिल्यास. तो आता ऑफिसात सांगत फिरतो की बहीण मोठी डॉक्टर आहे. आपला तो बाब्या! गावात तुझी आई काय सांगते माहीत आहे? रामेश्वराने पाय राखला. तुझं नाव नाही, माझं तर नाहीच.

पण ज्यासाठी लिहायला बसले ते हे नव्हे.

त्या रविवारी तू आलीस, उंबऱ्यात थांबलीस आणि म्हणालीस, "आये, माका तुझो पाय बघूक दी." ती भिंतीला म्हणाली, "डाक्टरीण म्हणान इली आसात तर बघूंदे." तू जमिनीवर बसलीस. पट्टी थेंब थेंब पाणी सोडून भिजवलीस, अर्धा तास नुसती भिजवलीस, ओढली नाहीस. हा अर्धा तास आम्ही कुणीच तिला कधी दिला नव्हता. मग तू मास्क खाली केलास आणि नाक जखमेजवळ नेऊन वास घेतलास. ती बघत होती. तुला वाटलं भिंतीकडे बघते आहे, पण ती बघत होती.

नंतर गाडीतून काहीतरी आणते म्हणून तू बाहेर गेलीस. मी हात धुवायचं पाणी घेऊन मागे आले. तू फणसाच्या आड वाकून ओकत होतीस. मी मागे फिरले. तोंड पुसून आत आलीस आणि हसून म्हणालीस, कापायचं नाही काही. वासाने ओकलीस की कशाने, मला ठाऊक नाही. मी कुणाला बोलले नाही.

काल रात्री मी तिच्या पायाला खोबरेल लावत होते. गेले सहा महिने ती माझ्याशी कामापुरतं बोलते. एकाएकी म्हणाली,

"सुनीती, तिका माजी किळस इली काय गो?"

मी विचारलं, कोणाला? मला कळलं होतं, तरी विचारलं. तिने पाय मागे घेतला, लुगड्याखाली ओढून घेतला, जणू तो आता दिसला तरी कुणाला तरी त्रास होईल.

मला आली होती किळस, रोज आली. ते तिने मला कधी विचारलं नाही, कारण ते तिला माहीत आहे. तुझ्याबद्दल विचारलं. मला क्षणभर तेलाची वाटी भिरकावून द्यावीशी वाटली. नाही म्हणावं तर मी ओकताना पाहिलंय. हो म्हणावं तर ती आज ना उद्या मरेल आणि एवढंच घेऊन जाईल.

मी वाटी उचलून फळीवर ठेवली. हे उत्तर माझ्याकडून जायचं नाही. ती संध्याकाळी दिवा लावून झाल्यावर खाटेवर एकटीच बसलेली असते, तेव्हा तू फोन कर, मी तो तिच्या हातात देईन आणि अपेक्षाकडे निघून जाईन. ओकलीस ते सांग, नाहीतर नको सांगूस. पण ओकून परत आत का आलीस, ते तिला सांग.

सुनीती